जुना चेंडू

आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस हाच धुण्याचा दिवस असतो, आणि धुण्याच्या दिवशी माझे खिसे तपासण्याचा अधिकार गेली अडतीस वर्षे आमच्या सौभाग्यवतींकडे आहे. त्या तपासणीत आजवर बसची तिकिटे, सुपारीची खांडे, एकदा भिजून लगदा होण्याच्या बेतात असलेली पन्नासाची नोट असे काहीबाही निघत आले. परवा माझ्या पँटच्या खिशातून एक पांढराशुभ्र, अंगभर बारीक खळ्या असलेला, वजनाने भरीव असा चेंडू निघाला. "अहो, हे काय पोराटोरांसारखं खिशात घालून आणलंय?" असे म्हणत तिने तो माझ्याकडे टाकला. तो माझ्या हातून निसटला आणि नुकत्याच काठोकाठ भरलेल्या बादलीत पडला. डुबुक असा आवाज झाला, आणि क्षणभराने बादलीच्या बुडाशी एक हलकीशी टक्. मी वाकून बघत राहिलो. ती एवढेच म्हणाली, "तांब्याभर पाणी सांडलं बघा."

बादलीच्या तळाशी जाऊन बसलेला तो चेंडू कोरा होता, आणि माझ्या मनातली बोचही तीच होती. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही पुण्याला मुलीकडे गेलो असताना जावईबापूंनी तो माझ्या हातात ठेवला होता, गोल्फच्या मैदानावरच्या तळ्यापलीकडे मारण्यासाठी. मी तो मारला नाही. त्यांची पाठ वळताच मी तो खिशात सरकवला, त्यांच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हात घालून एक पिवळट पडलेला, एका अंगाने खरचटलेला चेंडू शोधून काढला आणि तो टीवर, म्हणजे टोला मारण्याआधी चेंडू टेकवायच्या खुंटीवर, ठेवला. असे कर म्हणून मला कोणी सांगितले नव्हते. गोल्फ खेळणारी पुष्कळ माणसे पाणी समोर आले की नेमके हेच करतात, हे मला नंतर कळले. पण मी तर त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फची काठी हातात धरली होती. मग हा शहाणपणा मला उपजत कुठून सुचला, हे कोडे परतीच्या गाडीत बसल्यापासून माझ्या मागे लागले आहे.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. चौतीस वर्षांतली बरीचशी कालव्यांवर आणि तलावांवर पातळी वाचण्यात, गळती शोधण्यात आणि आवर्तनाच्या वेळी शेतकऱ्यांची बोलणी खाण्यात गेली. हिप्परग्याचा तलाव, कागदोपत्री ज्याला एकरूख म्हणतात आणि जो 1871 साली बांधून झाला, त्याच्या भिंतीवरून मी इतक्या वेळा चाललो आहे की कोणत्या दगडावर पाय घसरतो ते अजूनही पाठ आहे. उन्हाळ्यात उजनी 'वजा' गेली, म्हणजे धरणातले पाणी वापरायच्या साठ्याखाली उतरले, की सोलापुरातली सगळी माणसे सकाळी वर्तमानपत्रात टक्केवारी शोधतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र मोजपट्टीवरचे ओले आकडे एकेक करून कोरडे पडत जातात. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, तरी ही सवय काही सुटलेली नाही.

पाणी दिसले की मी आधी त्याची पातळी बघतो.

त्यामुळे जावईबापूंनी मला पहाटे उठवून पुण्याबाहेरच्या त्या मैदानावर नेले, तेव्हा हिरवळीचे कौतुक करायचे सोडून माझे लक्ष पाण्याकडेच गेले. झेंडा लावलेले भोक आणि तिथवरचा पट्टा म्हणजे होल; अशा अठरा होलपैकी सहा-सात ठिकाणी पाणी होते. कुठे फेअरवेला, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, बिलगून गेलेला लांबट ओढा, कुठे वळणावर दडलेले डबके, आणि सातव्या होलला तर उभे राहण्याची जागा आणि झेंडा यांच्यामध्ये आडवे पसरलेले एकराएवढे तळे. मध्यभागी कारंजे उडत होते. ते शोभेसाठी असावे असे मला वाटले, पण पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून ते ठेवावे लागते. हिरवळीला घातलेले खत पावसाबरोबर तळ्यात उतरते, त्यावर शेवाळ माजते आणि साचलेले पाणी बघता बघता कुजू लागते. काठाला पाणी हातभर खाली गेले होते आणि तेथे काळ्या प्लॅस्टिकची ओली किनार चमकत होती. ती पाहिली आणि मला एकदम सांगोल्यात आल्यासारखे वाटले. तिकडच्या डाळिंबवाल्यांच्या शेततळ्यांत असाच 500 मायक्रॉनचा काळा कागद अंथरलेला असतो. प्लॅस्टिकला आमच्याकडे कागदच म्हणतात. एवढ्या नटूनथटून बसलेल्या मैदानाच्या मधोमध आपले साधे शेततळे भेटावे, याचा मला उगीचच आनंद झाला.

बरोबर काठ्यांची पिशवी वाहणारा जो कॅडी होता, पन्नाशीचा, उन्हाने करपलेल्या चेहऱ्याचा, त्याला मी विचारले की पाणी हातभर उतरलेले कसे. तो म्हणाला, "रात्री तुषार चालत्यात ना साहेब. याच तळ्यातनं ओढत्यात. दिवसा परत भरून घेत्यात, शुद्ध केलेलं सांडपाणी येतंय लाइनीनं." म्हणजे खेळणाऱ्यांना जो अडथळा वाटत होता, ती माळ्याच्या लेखी साठवण टाकी होती. शिवाय तळे खणताना निघालेली माती वाया जात नाही, तिचेच उंचवटे करून ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, बांधतात. खाण आणि भराव यांचा हिशोब जुळवण्याची ही कला आमच्या खात्यातली, त्यामुळे ज्याने कोणी ते मैदान आखले असेल त्याच्याविषयी मला मनातून आदर वाटला.

जावईबापूंनी आधी मारले. त्यांचा चेंडू नवा होता. मारण्यापूर्वी ते मला समजावून सांगत होते की, "मामा, गवतावरून साठ मीटर आणि पाण्यावरून साठ मीटर, चेंडूला दोन्ही सारखंच. त्याला खाली काय आहे ते दिसत नाही. आपल्याला दिसतं, सगळा घोळ तिथंच आहे." पाणी दिसले की हाताची मूठ आवळते, चेंडूला वर उचलण्यासाठी आपण आपल्या अंगाने मदत करायला जातो, आणि तो कुठे गेला हे बघायला मान वेळेआधीच वर येते. वास्तविक उचलण्याचे काम काठीच्या तिरक्या पात्याचे असते. आपण मदत केली की ते पाते चेंडूच्या डोक्यावर बसते आणि चेंडू सरपटत जातो. एवढे सगळे तंतोतंत सांगून झाल्यावर त्यांनी काठी फिरवली आणि नेमके तसेच झाले. चेंडू पलीकडच्या काठाशी कसाबसा पोचला, काळ्या कागदावर आपटला, थांबल्यासारखा झाला, आणि मग त्या गुळगुळीत उतारावरून अगदी सावकाश, जणू आपल्या मर्जीने, पाण्यात उतरला. चार-पाच सेकंद तो उतरताना दिसत होता आणि आम्ही तिघेही काही करू शकत नव्हतो. जावईबापू हसून म्हणाले, "गेला." आणि त्यांनी खिशातून दुसरा काढला, तोही नवा.

"पाण्यात गेला" हे शब्द आपण मराठी माणसे पैशांसाठी, शिक्षणासाठी, कष्टांसाठी वापरतो, आणि वापरताना आपल्याला पाणी काही आठवत नाही. त्या सकाळी मला ते आठवले, त्याचे कारण कॅडी. मी सोलापूरचा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याच्या वडिलांचे गाव करमाळा तालुक्यातले, उजनीच्या पोटात गेलेले. अधूनमधून पाणबुडे येतात, तळ्याच्या तळातून शेकड्यांनी चेंडू काढतात, धुऊन पुसून ते पुन्हा विकले जातात, असे तो सांगत होता. मग मध्येच थांबून म्हणाला, "आमचं गाव बी असंच पाण्यात गेलं. ते काढाया कोण उतरलं न्हाई." हे तो हसत हसत म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. ज्या धरणाच्या पाण्यावर आमच्या घरची बादली भरते त्याविषयी तो बोलत होता, आणि मी त्या खात्याचा माणूस. मला काही उत्तर सुचले नाही. मी तळ्याकडे बघत राहिलो, आणि तेवढ्यात जावईबापूंनी नवा चेंडू माझ्या हातात ठेवला.

माझा टोला कसा बसला हे मला नीट सांगता येणार नाही. डोळे मिटले होते असे मला वाटते, जावईबापू नाही म्हणतात. पण तो पिवळट, खरचटलेला चेंडू हवेत गेला, कारंज्याच्या बाजूने निघून पलीकडे गवतावर पडला आणि झेंड्यापासून दहा-बारा पावलांवर थांबला. जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. कॅडी म्हणाला, "पहिल्याच दिवशी! साहेबांचं पाणी जबरदस्त हाय." मी हसलो, पण आतून ओशाळलो होतो. चेंडू पाण्यात जाणार हे धरून मी आधीच त्याच्यावर पाणी सोडले होते. तो पलीकडे गेला यात माझा हात कितीसा होता? ज्या चेंडूने खरोखर माझे पाणी जोखले असते, तो माझ्या खिशात मांडीला लागत होता.

त्या रात्रीपासून मोबाइलवर गोल्फचे व्हिडिओ बघण्याचा मला नाद लागला आहे. खेळ मला फारसा कळत नाही, मी पाणी बघतो. फ्लोरिडातल्या सॉग्रास मैदानाचा सतरावा होल मी कितीदा पाहिला असेन याची गणती नाही. अंतर 137 यार्ड, म्हणजे सव्वाशे मीटर. चांगल्या खेळाडूला हे काहीच नाही. पण हिरवळीचा तुकडा चारी बाजूंनी पाण्यात, जमिनीशी नाते एका अरुंद पायवाटेपुरते. 1980 साली हे मैदान खुले झाले. आखणी पीट डाय यांची. तेथे मूळ बेत बेटाचा नव्हताच. त्या जागी चांगली वाळू लागली, ती बाकीच्या मैदानासाठी उपसता उपसता सभोवती प्रचंड खड्डा झाला, आणि आता याचे करायचे काय असा प्रश्न पडल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी सुचवले की पाणीच भरून टाका. हे वाचले तेव्हा मी घरात एकटाच हसलो. धरणाच्या प्रत्येक कामावर अशा मुरमाच्या खाणी उरतात, पावसाळ्यात भरतात, आणि तालुक्यातली पोरे त्यांत डुंबतात. सॉग्रासच्या त्या तळ्यातून दर वर्षी लाखाहून अधिक चेंडू निघतात असे सांगतात. 2005 च्या स्पर्धेत बॉब ट्वे नावाच्या कसलेल्या खेळाडूने तीन टोल्यांत संपवायच्या त्या होलवर बारा टोले खर्ची घातले. चार चेंडू पाण्यात गेल्यावर पाचवा टेकवताना त्याच्या पोटात काय झाले असेल, हे मात्र पडद्यावर दिसत नाही.

त्याहून मला आवडतो तो जाँ व्हान दे वेल्दे. 1999 सालची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधले कार्नुस्टीचे मैदान, शेवटच्या दिवसाचा शेवटचा होल आणि या फ्रेंच माणसाकडे तीन टोल्यांची आघाडी. सहा टोल्यांत होल संपवला असता तरी अजिंक्यपद त्याचे होते. पण तेथे बॅरी बर्न नावाचा एक ओढा मैदानातून वळसे घेत जातो, आणि चेंडू त्यात गेला. मग या गृहस्थाने बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो काठी घेऊन ओढ्यात उतरला. पाण्यातून मारावे की दंड घेऊन बाहेर यावे, याचा विचार करीत तो तसाच उभा होता आणि सारे जग त्याच्याकडे बघत होते. शेवटी त्याने दंड घेतला, सात टोले झाले, बरोबरी झाली आणि जादा होलमध्ये पॉल लॉरी जिंकला. लोक त्याला वेडा म्हणाले असतील. मला मात्र पँट दुमडून वाहत्या पाण्यात खाली बघत उभा असलेला तो माणूस अगदी ओळखीचा वाटला. आमचे पाटकरी फाट्यावर असेच उभे राहतात.

या खेळाच्या नियमांनी मला सर्वांत जास्त मोहात पाडले आहे, आणि यात माझ्यातला कारकून बोलतो आहे हे मी कबूल करतो. पाण्याच्या जागेभोवती पिवळे किंवा तांबडे खुंट मारलेले असतात. पूर्वी या जागेला 'वॉटर हझार्ड' म्हणत, 2019 पासून 'पेनल्टी एरिया' म्हणतात. चेंडू आत गेला तर एक टोला दंड. तांबडे खुंट असतील तर चेंडूने जेथे हद्द शेवटची ओलांडली तेथपासून दोन काठ्यांच्या अंतरात, झेंड्याच्या अधिक जवळ न जाता, चेंडू पुन्हा टाकायचा. ती शेवटची जागा कोणती हे बहुधा खेळणाऱ्यानेच प्रामाणिकपणे ठरवायचे असते. पाऊस पडून हिरवळीवर थोडा वेळ साचलेल्या पाण्याला मात्र दंड नाही, त्यातून चेंडू फुकट बाहेर घेता येतो. आणि या सगळ्यावर कळस असा की, तळे किंवा ओढा कोरडा ठणठणीत पडलेला असला, तळाच्या मातीला भेगा गेल्या असल्या, तरी नियमाच्या लेखी ती पाण्याचीच जागा. हे मी जावईबापूंकडून फोनवर दोनदा वदवून घेतले. हिप्परग्याच्या तळात उन्हाळ्यात गुरे चरताना मी पाहिली आहेत, आणि त्या आठवड्यांतही आमच्या नोंदवहीत तो तलावच असे.

तर जुना चेंडू. मला वाटते त्याचे मूळ आमच्या मळ्यातल्या विहिरीत आहे. मी नऊ वर्षांचा असताना काकांनी मला पोहायला शिकवायचे ठरवले. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला, आणि निघताना आईने मला परत बोलावून अंगावरची नवी चड्डी काढायला लावली आणि ठिगळाची घातली. "पाण्यात कशाला नवी?" असे ती म्हणाली. विहिरीच्या काठावर उभा राहून मी खालच्या हिरव्या पाण्याकडे बघत होतो, कडेच्या कपारीतून पारवे फडफडत बाहेर येत होते, आणि माझ्या मनात एकच विचार फिरत होता की नवी चड्डी घरी सुखरूप आहे, म्हणजे मी बुडणार असा आईचा अंदाज दिसतो. काकांनी मागून ढकलले. डबा वर, मी खाली, आणि नाकातोंडात गेलेल्या त्या पाण्याची चव, थोडी गंजाची, थोडी शेवाळ्याची, आजही तळे दिसले की जिभेवर येते. पोहायला मी शिकलो, चांगला पोहतो. पण पाण्यापुढे जाताना नवे काही अंगावर ठेवायचे नाही, ही शिकवण पोहण्याच्याही आधी पक्की झाली.

पुण्याहून आल्यावर मी रोजच्यासारखा संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसतो. पाण्याने वेढलेले देऊळ, काठावर माशांना मुरमुरे टाकणारी पोरे, पलीकडे भुईकोटाचे काळे बुरूज. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन हे तळे खणले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. किल्ल्याच्या तीन बाजूंना खंदक आणि एका बाजूला हे तळे, म्हणजे पाणी मध्ये घालून समोरच्याला धाक दाखवण्याची युक्ती गोल्फवाल्यांची नव्हे, फार जुनी. देवाने क्षमा करावी, पण हल्ली माझी नजर बुरुजापासून देवळापर्यंत जाते आणि मनातल्या मनात यार्ड मोजू लागते. मग ओघानेच दुसरा हिशोब सुरू होतो. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात उघड्या तळ्यातून दिवसाला आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. एका एकराला ते बत्तीस हजार लिटर होते, म्हणजे दहा हजारी तीन टँकर, रोज, नुसते आकाशात. त्या मैदानावर हा आकडा मला आठवला नव्हता असे नाही. आठवला होता, आणि तरीही चेंडू पाण्यावरून जातानाची ती दोन सेकंदे मला विलक्षण आवडली होती. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

परवा बादलीतून चेंडू काढला तो हातात घेऊन मी बसून राहिलो. वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको असा नियम आहे. एका कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केली, तर तो पाण्यापेक्षा जेमतेम तेरा टक्क्यांनी जड निघाला. एवढ्याशा फरकाने माणसांची अजिंक्यपदे बुडावीत! मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, लिटरभर पाणी ओतले, चेंडू सोडला आणि जाडे मीठ मुठीमुठीने घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळू लागलो. पाणी आधी गढूळले, मग निवळले. तिसऱ्या मुठीपर्यंत चेंडू ढिम्म. चौथीला तो बुडाशी जरा डुलला. पाव किलोच्या आसपास मीठ गेल्यावर तो तळ सोडून अगदी सावकाश वर येऊ लागला, त्या दिवशी कागदावरून उतरला होता तसाच सावकाश, आणि वर येऊन त्याने पाण्याबाहेर रुपयाएवढे टक्कल काढले.

"अहो, मीठ?" ती दारात उभी होती. तिने अर्धा झालेला डबा पाहिला, बरणी पाहिली. "आता हे पाणी तुळशीलासुद्धा घालता यायचं नाही. परत नळ येणार चार दिवसांनी."

मी बरणी धरून गप्प बसलो. ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर आली ती गर्द तांबड्या चादरीची घडी घेऊन. गेल्या दिवाळीला चाटी गल्लीतून घेतलेली, पाहुण्यांसाठी म्हणून राखलेली, अजून घडी न मोडलेली. "मिठाच्या पाण्यात एकदा काढायचीच होती, रंग पक्का होतो," असे म्हणून तिने ती झटकून बादलीत सोडली आणि माझ्या हातातली बरणी घेऊन वरून ओतली. चेंडूही पाण्याबरोबर चादरीवर जाऊन पडला. "तो घ्या आधी, डाग पडेल त्याला," ती म्हणाली. मी तो उचलून सदऱ्याला पुसला. बादलीतले पाणी कडेकडेने तांबूस होऊ लागले होते.